आईचं बुडालेलं माहेर आणि घड्याळाचं बटण

आधी कामाचं सांगून टाकते. कॉम्प्युटरवर गूगल अर्थ प्रो (उपग्रहातून घेतलेली जमिनीची चित्रं दाखवणारा प्रोग्राम) उघडलं की वरच्या पट्टीत एक छोटं घड्याळ दिसतं, त्यावर हिरवा बाण असतो. ते दाबलं की त्याच जागेची जुनी चित्रं दिसायला लागतात. एवढं कुणी मला वेळेवर सांगितलं असतं, तर सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईला मे महिन्याच्या उन्हात तीनदा एसटीनं तालुक्याला न्यावं लागलं नसतं.

आईचं माहेर वैनगंगेच्या काठी. त्याच नदीवरच्या गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन 1988 साली झालं, तेव्हा तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. पाणी खरोखर गावात शिरायला आणखी खूप काळ गेला. मग मामा नवीन गावठाणात राहायला गेले आणि जुनं गाव बुडीत क्षेत्रात गेलं. त्या गावाचा एकही फोटो आमच्या घराण्यात कुणाकडे नाही. लग्नाचे आहेत, पण ते सगळे मांडवातले.

2023 च्या उन्हाळ्यात माझा मुलगा मोबाइलवर गूगल अर्थ घेऊन बसायचा. लोणारचं सरोवर, दुबईच्या समुद्रातलं खजुराच्या झाडासारखं बेट, इजिप्तचे पिरॅमिड, सगळं आजीला दाखवायचा. चार-पाच दिवस आईनं कौतुकानं पाहिलं. मग म्हणाली, "आमचा गाव दाखव ना बापू." त्यानं नदी धरून नेलं. तिथे सगळं हिरवट निळं पाणी. आई म्हणाली, "हे तं पाणी होय," आणि उठून गेली. तेव्हाच्या मोबाइलवरच्या गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं नव्हती. कॉम्प्युटरवर मिळेल, असं मुलगा म्हणाला. आमच्या घरी कॉम्प्युटर नाही.

म्हणून तालुक्याच्या ठिकाणच्या एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. पहिल्या दिवशी दाखल्यांची एवढी गर्दी, की आई अडीच तास बाहेरच्या बाकावर बसून राहिली. आमचा नंबर आला तेव्हाच लाइट गेली. दुसऱ्या खेपेला सेंटरवरच्या मुलानं गावाचं नाव टाइप केलं आणि नकाशा थेट नवीन गावठाणावर जाऊन थांबला. सरळ रस्ते, एका मापाचे प्लॉट. आई म्हणाली, "हे नव्हे, हे नवीन होय." तो म्हणाला, नाव तर हेच आहे ना, आणि प्रिंट काढून हातात दिली. तीस रुपये घेतले. पुनर्वसनातल्या सगळ्याच गावांना हा अनुभव येईल. नाव लोकांबरोबर नव्या जागी जातं, त्यामुळे नाव शोधून जुनी जागा मिळत नाही. नदीचं वळण, टेकडी, न बुडालेलं शेजारचं गाव अशा खुणा धरूनच जावं लागतं.

तिसऱ्या खेपेला मी स्पष्टच विचारलं, धरण भरायच्या आधीचं चित्र मिळेल का? त्यानं मान वरसुद्धा केली नाही. "जुनं काही राहत नाही नेटवर. सॅटेलाइट आत्ताचंच दाखवतो." आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं त्याचं खरं मानलं. परतीच्या एसटीत ती एक शब्द बोलली नाही. आज इतक्या दिवसांनीही मला याचाच राग आहे. येत नसेल तर येत नाही म्हणावं. पण नाहीच म्हणून सांगितलं की म्हातारं माणूस तिथेच आशा सोडतं.

आणि त्याचं वाक्य दोन्ही बाजूंनी चूक होतं. सॅटेलाइट आत्ताचं दाखवत नाही. आपण पाहतो ते चित्र कित्येक महिन्यांचं, कधी दोन-चार वर्षांचं असतं, त्याची तारीख खाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते. आणि जुनं तर जपून ठेवलेलं आहे. अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह 1972 पासून जमिनीची चित्रं घेत आहेत आणि 2008 पासून ती सगळ्यांना फुकट मिळतात.

मला हे कळलं ते भाच्यामुळे. तो सुट्टीत नागपूरहून लॅपटॉप घेऊन आला. गूगल अर्थ प्रो 2015 पासून फुकट आहे. आमच्याकडे नेटवर्क फक्त गच्चीवर येतं, म्हणून पहाटे पाचला मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड केलं. दिवसा तेच काम चारदा तुटलं होतं. तुमच्याकडेही असं असेल तर पहाटेच बसा.

आधी आजचंच चित्र उघडलं. जुना रस्ता सरळ येतो आणि पाण्यात शिरतो, पुढे पलीकडच्या काठावर तसाच निघतो. त्या दोन टोकांच्या मध्ये आम्ही पिवळी पिन लावली. मग भाच्यानं घड्याळ दाबलं, तशी तारखांची पट्टी आली. तिच्यावरचा सरकता खुंटा त्यानं पार डावीकडे, सगळ्यात जुन्या तारखेला ओढला. पडद्यावर नुसते हिरवे-तपकिरी चौकोन आले. आई म्हणाली, "हे काय, गोधडी होय का?" माझ्या पोटात गोळा आला. मग भाच्यानं समजावलं. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 मीटर बाय 30 मीटर. त्यात अंगणासकट दोन-तीन घरं मावतात, घर वेगळं दिसणारच नाही. त्यात नदी दिसते, तलाव दिसतो, गावाचा नुसता डाग दिसतो. घर पाहायचं तर अलीकडची, बारीक तपशिलाची चित्रं हवीत. ती 2000 नंतरच मिळायला लागली, आणि खेड्यांची सगळीकडे सारखी नाहीत.

म्हणून खुंटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला ओढू नका. एकेक तारीख पुढे सरका आणि प्रत्येक वेळी चित्र पूर्ण उमटेपर्यंत थांबा. आम्ही घाईत दोन तारखा अशाच सोडल्या होत्या. एका तारखेला सगळे पांढरे ढग होते. हे उपग्रह ढगातून पाहू शकत नाहीत, त्यामुळे पावसाळ्यातलं चित्र सहसा वायाच जातं. पुढच्या तारखेला मात्र चित्र हळूहळू स्वच्छ होत गेलं. आधी मालगुजारी तलावाची (मालगुजारांच्या काळातल्या जुन्या गावतलावाची) पाळ उमटली, मग धान कापलेल्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, पेंढ्याच्या रंगाच्या, मग कौलांची तांबूस छपरं.

आईला पहिली दहा मिनिटं काहीच ओळखू येईना. वरून कुणी आपलं घर कधी पाहिलेलं असतं! त्यात माझ्या हातून चित्र फिरलं होतं, उत्तर दिशा भलतीकडे गेली होती. इंग्रजी एनचं बटण दाबलं की उत्तर पुन्हा वर येते, हे लक्षात ठेवा. मग मी तिला म्हटलं, तलावावरून पाणी घेऊन तू घरी कशी जायचीस तशी चाल. तिनं पडद्यावर बोट टेकवलं. पाळीवरून उतरली, देवळाला उजवा हात घातला, तिसऱ्या गल्लीत वळली आणि थांबली. झाड वरून नुसता गोल दिसतो, पण त्याची सावली वायव्येला पडली होती. (ही चित्रं बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास घेतलेली असतात, म्हणून सावली पाहा, सावलीतच झाडाची उंची कळते.) "हे चिंच," ती म्हणाली. मग सांदवाडीतल्या, म्हणजे परसातल्या, एका काळ्या ठिपक्यावर तिचं बोट गेलं. "अन् हे आमची हीर." हीर म्हणजे विहीर. पुढचा अर्धा तास कुणी दुसरं काही बोललं नाही. ती एकेका छपरावर बोट ठेवून कोण कुठे राहायचं ते सांगत होती आणि भाचा लिहून घेत होता.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. एकदा पाहिलेला भाग लॅपटॉप आपल्या साठ्यात ठेवतो, त्यामुळे नेटवर्क असताना गाव नीट फिरून घेतलं तर नंतर नेट नसतानाही बराचसा दिसतो. आणि चित्र सेव्ह करायची सोय फाइल मेनूमध्येच आहे. फोटो स्टुडिओत मोठी प्रिंट काढा, लॅमिनेशन करा. 2024 पासून जुनी चित्रं मोबाइलवरच्या गूगल अर्थमध्येही दिसतात, त्यामुळे आता लॅपटॉपही लागत नाही. पण म्हाताऱ्या डोळ्यांना मोठा पडदाच बरा.

आमची प्रिंट सध्या मामांकडे, नवीन गावठाणात आहे. आईनं त्यावर पेनानं सगळ्या घरांची नावं लिहून घेतली आहेत, चार घरांवरून मामांशी वाद अजून चालू आहे. मावशीचं सासरही त्याच पाण्यात गेलं. तिचा काल फोन आला होता, रविवारी येते म्हणाली.