पुरीत पाणी घालता येत नाही

शाळेत मिळणाऱ्या मोफत मध्यान्ह भोजनासाठी पालकांना एकही अर्ज भरावा लागत नाही. तरीही गेल्या हिवाळ्यात मी त्याच भोजनापायी नऊ आठवडे अर्ज लिहीत होते, आणि त्यांपैकी निम्मे अर्ज चुकीच्या खिडकीत, चुकीची मागणी करून दिले होते. हे कबूल करताना मला संकोच वाटत नाही. राग मात्र येतो, आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

मी इंदूरला परदेशीपुऱ्याच्या बाजूला राहते आणि बँकेतून निवृत्त झाले आहे. आमच्याकडे पोळ्या करायला येणारी बाई मूळची बऱ्हाणपूरकडची. तिचा नवरा पूर्वी केळीच्या गाड्या भरण्याचे काम करीत असे, आता इंदूरला बांधकामावर आहे. दिवाळीनंतर तिने दोन्ही मुलांना गावाहून आणले आणि मुलीला चौथीत, मुलाला सहावीत जवळच्या सरकारी शाळेत घातले. गावच्या शाळेचा दाखला हाती नव्हता. परंतु 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि मुख्याध्यापकांना ते ठाऊक होते. एका सकाळीच काम झाले. इतके सहज झाले की पुढचेही असेच होईल, असे मी धरून चालले.

या शाळेत स्वयंपाकघर नाही. शहरातील अनेक शाळांप्रमाणे येथेही मध्यवर्ती स्वयंपाकघरातून गाडीने डबे येतात, आणि किती मुलांचे डबे यायचे हे नोंदलेल्या पटसंख्येवरून ठरते. पहिल्या पंधरवड्यात कोणी तक्रार केली नाही, कारण वरणभाताच्या दिवशी वाढणाऱ्या बाया वरण थोडे पातळ करून आणि भाताचा डाव थोडा कमी भरून सर्वांची पाने निभावून नेत होत्या. मंगळवारी मात्र खीर-पुरी असते. वरणात पाणी घालता येते, पुरीत घालता येत नाही. त्या दिवशी नव्याने आलेली मुले रांगेच्या शेवटी उभी केली गेली आणि त्यांच्यापर्यंत पुऱ्या पोचल्या नाहीत. मुलगी घरी येऊन आईला म्हणाली, "आमचं नाव डब्यात नाही." हे वाक्य तिला कोणीतरी सांगितले असणार, कारण नऊ वर्षांच्या मुलीला ते सुचणार नाही.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. पटावर 141 मुले होती आणि डबे 118 मुलांचे येत होते. उरलेली 23 मुले दिवाळीनंतर आलेल्या मजूर कुटुंबांतील होती. मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत. "ताई, मी दोन वेळा कळवले आहे, पण पोर्टलवर या मुलांची नावे चढत नाहीत, कारण त्यांचा समग्र आयडी येथला नाही," असे ते म्हणाले. मध्य प्रदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की येथे प्रत्येक कुटुंबाला आठ अंकी आणि कुटुंबातील प्रत्येक माणसाला नऊ अंकी समग्र क्रमांक असतो, आणि सरकारी नोंदींचा बराचसा डोलारा त्या क्रमांकावर उभा आहे. मला वाटले, क्रमांकच हवा ना, मग काढून टाकू.

येथे मी पहिली चूक केली, आणि त्या चुकीने तीन आठवडे खाल्ले. दोन्ही मुलांचे क्रमांक गावच्या पंचायतीत आधीच होते; आवश्यक होते ते कुटुंबाची नोंद इंदूरला हलवून घेणे. मी मात्र घाईने नवीन क्रमांकासाठी विनंती केली. आधार जुळवताना जुनी नोंद समोर आली आणि विनंती परत फिरली. मग हस्तांतराची विनंती केली, तर मुलाचे नाव आधारमध्ये एका तऱ्हेने आणि जुन्या नोंदीत दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले निघाले. शेवटी तीही विनंती पुढे गेली. पण ज्याची मंजुरी हवी त्याच्यापर्यंत ती कधी पोचते आणि तो ती कधी उघडतो, हे पाहायला आपल्याकडे काही साधन नसते.

त्या तीन आठवड्यांत ज्या कार्यालयात डब्यांची संख्या वाढवून मिळते, तेथे मी सात वेळा गेले. कार्यालयाचे नाव घेत नाही. तेथील खिडकीवर एक तरुण मुलगा बसतो. तो उद्धट नाही, आणि तीच खरी अडचण होती, कारण उद्धट माणसाशी निदान भांडता तरी येते. तो प्रत्येक वेळी मला "माताजी" म्हणून बसायला खुर्ची देई आणि प्रत्येक वेळी नवीन कागद मागे. पहिल्या भेटीत समग्र आयडी, दुसऱ्या भेटीत आधारची प्रत, तिसऱ्या भेटीत आईवडिलांचे उत्पन्न प्रमाणपत्र, आणि ते कशाला असे विचारल्यावर, "गरीबों की योजना है माताजी, गरीबी का कुछ तो कागज लगेगा." मी चाळीस वर्षे बँकेत कागद तपासले आहेत, त्यामुळे कागद मागणाऱ्याला बहुधा काही आधार असतो अशी माझी खोड; म्हणून मी मुकाट्याने त्या बाईला उत्पन्नाच्या दाखल्याच्या मागे लावले आणि तिचा एका दिवसाचा रोजगार बुडवला. चौथ्या भेटीत त्याने बीपीएल कार्ड मागितले. पाचव्या भेटीत साहेब दौऱ्यावर होते. सहाव्या भेटीत त्याने एकदाचे खरे ते सांगितले: "पोर्टल पर नाम नहीं, तो बच्चा नहीं."

सातव्या भेटीला मी मुलीला बरोबर नेले. डोळ्यांसमोर मूल असले की माणूस विरघळेल, असा माझा हिशेब होता. खिडकीवरच्या त्या मुलाने खाली वाकून अगदी प्रेमाने तिला विचारले, "बेटा, खाना नहीं मिलता क्या?" तिने माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले आणि म्हणाली, "मिलता है." त्या खोलीतल्या पाचसहा अनोळखी माणसांसमोर आपल्याला जेवण मिळत नाही, असे कोणते मूल सांगेल? परतीच्या रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. ज्यांना ही खटपट करायची असेल त्यांनी मुलांना कधीही साक्षीला उभे करू नये, ही गोष्ट मी सर्वांत आधी सांगायला हवी होती.

दरम्यान 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मंगळवारच्या जनसुनवाईतही, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात त्या बैठकीतही, अर्ज दिला. दोन्ही ठिकाणी नोंद चटकन झाली आणि क्रमांकही मिळाला. पण अर्ज अखेर उत्तरासाठी त्याच कार्यालयाकडे गेले आणि तेथून एकच उत्तर आले की शाळेने रोज कळविलेल्या आकड्यांनुसार सर्व उपस्थित विद्यार्थ्यांना भोजन मिळत आहे. मी त्या जनसुनवाईच्या रांगेत बसले होते, त्याच वेळी शाळेत पुऱ्या कमी पडत होत्या, हे मनात येऊन माझे रक्त तापले. पण त्या उत्तरातच कुलपाची किल्ली होती, हे समजायला मला आणखी एक दिवस लागला.

रोज किती मुले जेवली हा आकडा शाळेला मोबाइलवरून कळवावा लागतो. मुख्याध्यापक इमानेइतबारे 118 कळवीत होते, कारण डबे तितक्यांचेच येत होते आणि त्याहून वेगळा आकडा दिला तर आपल्यालाच जाब विचारतील, अशी त्यांना भीती होती. म्हणजे आमच्या तक्रारीविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा आमच्याच शाळेतून रोज दुपारी रवाना होत होता. मी त्यांच्यावर रागावले, आणि नंतर त्याबद्दल त्यांची माफीही मागितली.

मग मी जे पहिल्या दिवशी करायचे ते केले, म्हणजे नियम वाचले. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा आहे आणि त्याखालील मध्यान्ह भोजनाचे नियम सप्टेंबर 2015 चे आहेत. त्यांत उत्पन्नाचा शब्दही नाही. सरकारी, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत पहिली ते आठवीत नाव घातलेले आणि हजर असलेले मूल, इतकीच अट आहे. कारखानदाराचे मूल त्या शाळेत बसले तर त्याचाही पानावर तितकाच हक्क. गरिबीचा कागद मुळात कोणी मागायचाच नव्हता. आपल्याकडे दारिद्र्याचा दाखला मागण्याची इतकी सवय झाली आहे की जेथे तो लागत नाही तेथेही मागणाऱ्याला मागताना आणि देणाऱ्याला देताना काही खटकत नाही. मलाही खटकले नव्हते. (शेजारची एक बाई मुलाला 25 टक्के राखीव जागांतून खासगी विनाअनुदानित शाळेत घालणार होती, तेव्हा तेथे हे भोजन नसते, हे मी तिला सांगितले. तिने तरीही घातले. पण डबा करावा लागेल हे तिला आधी कळले.)

त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, आणि तिनेच आमचे काम केले. धान्य नाही, पैसे नाहीत, इंधन नाही किंवा स्वयंपाकी आली नाही अशा कोणत्याही कारणाने शाळेच्या दिवशी मुलाला भोजन दिले गेले नाही, तर त्या दिवसाचे धान्य आणि शिजवण्याचा खर्च अन्न सुरक्षा भत्ता म्हणून पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत त्याला द्यावा लागतो. पुरवठा मध्यवर्ती स्वयंपाकघराचा असेल तर ही रक्कम त्याच्याकडून वसूल करायची असते. सलग तीन शालेय दिवस किंवा महिन्यात पाच दिवस भोजन मिळाले नाही, तर कोणाची जबाबदारी हेही राज्य सरकारने निश्चित करायचे असते. मूल स्वतःहून जेवले नाही तर मात्र काही मागता येत नाही, म्हणून "जेवायला बसले होते" ही नोंद महत्त्वाची.

आम्ही हजेरीपट काढला. ज्या दिवशी 23 मुलांच्या पानात काही पडले नाही असे नऊ दिवस निघाले, त्यांतले तीन सलग. 14 मुले प्राथमिकची आणि 9 माध्यमिकपूर्व वर्गांतली. प्राथमिकला दिवसाला 100 ग्रॅम धान्य आणि 6 रुपये 78 पैसे, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम आणि 10 रुपये 17 पैसे, हे मे 2025 पासूनचे दर धरून एकूण 24 किलो 750 ग्रॅम धान्य आणि 1678 रुपये 5 पैसे झाले. बँकेची सवय अशी की तो शेवटचा 5 पैशांचा आकडा लिहिताना मला फार समाधान वाटले. माझ्या नातवाला हसू आले. दोन मुलांसाठी माझा रिक्षाचा खर्च त्याहून अधिक झाला होता.

अर्जात समग्र आयडीचा उल्लेख केला नाही, विनंतीही केली नाही. तारखा, हजेरीचा आकडा, आलेल्या डब्यांचा आकडा, नियमातील तरतूद आणि भत्त्याचा हिशेब एवढेच लिहून खाली शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांच्या सह्या घेतल्या. माझी सही सर्वांत शेवटी होती, कारण हक्क त्यांचा होता. मुख्याध्यापकांनी त्या दिवसापासून खरा आकडा कळवायला सुरुवात केली, आणि ते करताना त्यांचा हात थरथरला, हे मी पाहिले. पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का दोन्ही घ्यावेत. नुसती सही चालत नाही, कारण ती कोणाची हे नंतर कोणालाच ओळखता येत नाही. खिडकीवरच्या मुलाने अर्ज वाचला, "वसूल" या शब्दावर थांबला, खुर्ची द्यायला विसरला आणि आत गेला.

चौथ्या दिवशी गाडीतून 141 मुलांचे डबे उतरले. समग्र आयडी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, आणि तरीही पोर्टलचे काहीच अडले नाही. संक्रांत तेव्हा तोंडावर आली होती. भत्ता अजून मिळालेला नाही, म्हणून पालकांनी स्मरणपत्र दिले आहे आणि त्याचाही आवक क्रमांक माझ्याकडे आहे.

डबे आल्यावर ते चाखून पाहण्याची जबाबदारी दोनतीन मोठ्या माणसांची असते आणि त्यांत एक शिक्षक असावा लागतो. हल्ली मंगळवारी त्या दोन मुलांची आई ते काम करते. ती मला सांगते की खीर कधी कधी फार पातळ असते, पण पुऱ्या मोजून बरोबर असतात. त्या कुटुंबाच्या हस्तांतराची विनंती मी काल पुन्हा उघडून पाहिली. ती अजून "प्रलंबित" आहे.