कलर नंतर पाहू, आधी खोली सांगा

आपल्या विदर्भातल्या तलावांवर गळ टाकून बसणाऱ्याला ट्रोलिंग समजवणं कठीण आहे राजेहो. आपण कणकेची गोळी लावतो, फ्लोट सोडतो आन बसतो, यायचं तर मासा येईल. ट्रोलिंगमध्ये उलटं. बोट सारखी हळूहळू चालत राहते, मागे आठ-दहा लाईनी ओढल्या जातात आन मासा कुठे उभा आहे ते तुम्ही शोधत फिरायचं. मेव्हणा अमेरिकेत मिलवॉकीला असते म्हणून मला तिथल्या लेक मिशिगन तलावावर सालमन माशासाठी हे करायला मिळालं, आन तेव्हापासून इकडच्या मंडळीचा एकच प्रश्न, "लूर कोणत्या कलरचा लावता बे?" लूर म्हणजे गळाला लावायचं नकली आमिष. बापा, कलर सगळ्यात शेवटी येते. आधी खोली, मग स्पीड.

मुळात सालमन त्या तलावातला नाहीच. एलवाइफ नावाचा छोटा चंदेरी मासा समुद्राकडून कालव्यांतून आत शिरला आन त्याला खाणारं कोणी उरलं नव्हतं, कारण लॅम्प्रे (दुसऱ्या माशाला चिकटून रक्त पिणारा जीव) आन बेसुमार मासेमारीनं तिथला मूळचा लेक ट्राउट संपवला होता. १९६७ च्या उन्हाळ्यात तर किनाऱ्यावर मेलेल्या एलवाइफचे ढीग लागले होते. त्याआधीच, १९६६ ला, मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे हॉवर्ड टॅनर यांनी पॅसिफिककडचे कोहो सालमन नद्यांत सोडले, पुढच्या वर्षी चिनूक जातीचे सालमन. म्हणून आजही सालमन शोधायचा म्हणजे दोन गोष्टी शोधायच्या, एलवाइफचे थवे आन थंड पाणी.

थंड म्हणजे किती, तर चिनूकला साधारण १० ते १३ डिग्री सेल्सिअस आवडते. जुलै-ऑगस्टमध्ये वरचं पाणी २० च्या आसपास जाते आन मासा खाली सरकते, कधी ५० फूट, कधी १०० च्या पण खाली. त्यात वारा. पश्चिमेचा वारा दोन-तीन दिवस जोरात लागला की वरचं गरम पाणी पूर्वेला मिशिगन राज्याच्या बाजूला ढकललं जाते आन पश्चिमेला विस्कॉन्सिनच्या, म्हणजे मिलवॉकीकडच्या काठाला खालचं थंड पाणी वर येते, मग काल ९० फुटावर असलेला मासा आज ३० वर. आता सांगा, हिरवा स्पून (चमच्यासारखा धातूचा लूर) की निळा?

खोली गाठायचं मुख्य यंत्र म्हणजे डाउनरिगर. बोटीच्या काठावर छोटा रहाट, त्यावर स्टीलची तार, तारेच्या टोकाला १०-१२ पौंडांचा शिशाचा गोळा. लूर बोटीमागे थोडा सोडायचा, लाईन गोळ्याजवळच्या क्लिपमध्ये अडकवायची आन गोळा खाली. काउंटर फूट दाखवते, पण तार मागे तिरपी होते म्हणून ८० दाखवलं तरी गोळा ८० फुटांपर्यंत गेलेला नसते, त्यापेक्षा उथळ असते. लाईन ताणून रॉड पार वाकवून ठेवायचा. माशानं तोंड मारलं की क्लिप सुटते, वाकलेला रॉड फाटकन सरळ उभा होते, आन पुढच्या क्षणी परत खाली, यावेळी माशाच्या वजनानं, आन रील किंचाळत राहते. मेव्हणा ओरडला होता, "भाऊजी, टोकाकडे पहा, टोकाकडे!" पण मी काय पाहतो, तोवर चिनूकनं शंभर यार्ड लाईन नेली होती. ड्रॅग, म्हणजे रीलचा ब्रेक, ढिला ठेवायचा आन त्याला पळू द्यायचं, बोट पण थांबवायची नाही.

डिप्सी डायव्हर ही दुसरी गोष्ट, प्लास्टिकची चकती, पाण्याच्या जोरानं खाली जाते, आन खालच्या डायलवर १, २, ३ आकडे असतात ते डावीकडे-उजवीकडे फिरवून ती बोटीपासून बाजूला पण जाते. स्वस्त आहे आन चालते. लेडकोर म्हणजे पोटात शिसं असलेली लाईन, दर १० यार्डाला रंग बदलते, मोजायला सोपी, अंदाजे एका रंगामागे ५ फूट खोली धरतात, पण स्पीड वाढवला की वर येते. प्लेनर बोर्ड म्हणजे पाण्यावर तरंगणारी पाटी, ती लाईनी बाजूला लांब नेते. मासा वर असला की तेच कामाचं, बोटीखालून तो केव्हाच हटलेला असते.

आता स्पीड. २ ते ३ मैल ताशी, बहुतेक वेळा मधेच कुठेतरी. गंमत अशी की जीपीएस सांगते तो बोटीचा स्पीड, आन १०० फुटांवर प्रवाह वेगळाच वाहून राहिला असते. त्यामुळे उत्तरेकडे जाताना माल मिळते आन दक्षिणेकडे तोच आकडा ठेवून काहीच नाही. पैसेवाले गोळ्याजवळ प्रोब लावतात, तो खालचं तापमान आन स्पीड दोन्ही दाखवते. माझ्या मते दहा नवीन लूर घेण्यापेक्षा हा एक घ्यावा. नसेल तर तारेचा तिरपेपणा पहा आन बोट सरळ न नेता नागमोडी न्या. वळताना आतल्या बाजूच्या लाईनी मंदावतात, खाली बसतात, बाहेरच्या पळतात, वर येतात. कोणत्या बाजूला मासा लागला त्यावरून कळते स्पीड वाढवायचा की कमी करायचा. मला तर ट्रोलिंगमधली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच वाटते.

लूर राहिले. स्पून, नाहीतर फ्लॅशर म्हणजे मासा खेचणारी मोठी चमकती पट्टी आन त्यामागे हातभर अंतरावर झिरमिळ्यांची फ्लाय. फ्लॅशर गोल फिरते, डॉजर नावाची तशीच पट्टी फक्त डुलते. कलरचं काहीच नाही असं नाही, लाल पाण्यात सगळ्यात आधी विझते, हिरवा-निळा खोलवर दिसते, आन पहाटे अंधारात ग्लो स्पून टॉर्च मारून सोडतात. पण चुकीच्या खोलीवर तो ग्लो कोणाले दिसणार?

आपल्याकडे चालेल का? रोहू-कतल्यासाठी नाही, ते लूरमागे धावत नाहीत, कतला तर बारीक जीव गाळून खाते. तसं पाहिलं तर पश्चिम अमेरिकेतल्या तलावांतला कोकनी सालमन पण प्लवकच खाते, तरी डॉजरमागच्या इवल्याशा गुलाबी लूरवर मक्याचा दाणा लावून तो पकडतातच, स्पीड फक्त १ ते दीड मैल. बहुतेक चिडून चावते. तोंड नाजूक, जोरात ओढला की गेला.

कोणी तिकडे जाणारच असेल तर आधी चार्टर, म्हणजे चालवणाऱ्यासकट भाड्याची बोट करा, सगळं सामान त्यांचं असते. विस्कॉन्सिनचं लायसन्स आन त्यावर ग्रेट लेक्सचा सालमन स्टॅम्प मात्र तुमचा तुम्हाला लागते. मोठ्या चिनूकच्या चरबीत पीसीबी नावाचं विषारी रसायन साठते, म्हणून कातडी आन पोटाची चरबी काढूनच शिजवा. आन सावजी मसाला नेऊ नका, मी नेला होता, सालमनचा काही पत्ताच लागत नाही त्यात. मीठ, मिरपूड, लिंबू, बस.