बारीक चाळणीतली वस्ती

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या विलापा उपसागरात उन्हाळ्यातली मोठी ओहोटी दिवसाउजेडी येते. समुद्री गवतावरच्या लहान प्राण्यांचे नमुने गोळा करणं आमचं त्यावरच चालतं. त्या दिवशी आम्ही मुद्दाम दोन जातींची गवतं मिसळून वाढतात त्या पट्ट्यात उतरलो. झोस्टेरा मरीना हे तिथलं मूळचं समुद्री गवत, पाती रुंद आणि बऱ्याचदा मीटरभर लांब. झोस्टेरा जॅपोनिका जपानहून कालवांच्या बियाण्याबरोबर, म्हणजे शेतीसाठी आणलेल्या कालवांच्या पिल्लांबरोबर, आलं. या राज्यात पहिली नोंद १९५७ची. त्याची पाती जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंद. ते किनाऱ्यावर जास्त उंचावर वाढतं, त्यामुळे ओहोटीत जास्त वेळ उघडं राहतं. मग प्राण्यांमधला फरक गवतामुळे पडला की उन्हामुळे, हे कळणार कसं? दोन्ही गवतं जिथे शेजारी उगवतात, तो अरुंद पट्टाच याचं उत्तर देऊ शकतो.

प्रयोगशाळेत आधी अर्ध्या मिलिमीटरची चाळण लावली. मरीनाच्या नमुन्यात गर्दी होती: कोळंबीच्या दूरच्या नात्यातले पातीच्याच रंगाचा लांबट आयसोपॉड आणि काडीसारखे कॅप्रेलिड, शिवाय हिरव्या अंगावर गडद रेघा असलेला टेलरचा समुद्री ससा, म्हणजे एक समुद्री गोगलगाय. हा पातीला चिकटून बसला की समोर असूनही दिसत नाही. जॅपोनिकाच्या चाळणीवर मात्र त्याच नात्यातले तुरळक अॅम्फिपॉड. सोबतची विद्यार्थिनी वहीत ‘जवळजवळ रिकामं’ असं लिहायला लागली. मी म्हटलं, थांब, चाळणीतून खाली गेलेलं पाणी अजून बघायचंय.

ते पाणी ६३ मायक्रॉनच्या, म्हणजे कितीतरी बारीक, चाळणीतून गाळून तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, आणि बराच वेळ मान वर केली नाही. हार्पॅक्टिकॉइड कोपेपॉड! हे कवचधारी जीव मिलिमीटरहूनही लहान, काही माद्या अंड्यांच्या पिशव्या घेऊन फिरत होत्या. समुद्रात नुकती उतरलेली चम सॅमन माशांची पिल्लं याच जीवांवर पोसतात.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण याच राज्यात मरीनाला संरक्षण आहे आणि जॅपोनिका शिंपल्यांच्या शेतांत उपद्रवी तण ठरलंय. विलापातल्या शिंपल्यांच्या शेतांत त्यावर तणनाशक मारायला २०१४मध्ये परवानगी मिळाली. शेतकऱ्यांची अडचण खरी आहे, दाट गवतात शिंपले नीट वाढत नाहीत. पण ‘तिथे काही राहत नाही’ म्हणून ते मारावं, हे कारण मला मान्य नाही.

मोजणीवरून संध्याकाळपर्यंत वाद चालला. चौरस मीटरमागे मोजलं तर एक चित्र, पातीच्या पृष्ठभागामागे मोजलं तर दुसरं. शेवटी दोन्ही तक्ते ठेवले, आणि प्रत्येक आकड्यापुढे चाळणीचा आकार लिहिला.