हल्ला, सरवा आणि तिपेडी वेणी

“गुरुवारी संध्याकाळी फोन करू नकोस गं, मी हल्ला करायला जाते,” असं मी आईला सांगितलं तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच, “कुणावर?”

हल्ला म्हणजे ज्यू लोकांचा शुक्रवारचा पाव. इथली मुलं ‘हाला’ म्हणतात, हिब्रू येणारे तो ‘ह’ घशातून खरवडून काढतात, माझ्या पुणेरी तोंडात मात्र त्याचा हल्लाच होतो. आता आईही “आज हल्ला कसा झाला?” असं बिनदिक्कत विचारते. शेजारच्या काकूंनी ऐकलं तर काय, हा प्रश्न तिला पडत नाही.

मी शिकते ते इलिनॉयमधल्या अर्बाना-शँपेनला. शिकागोपासून दक्षिणेला बसने तीनेक तास, आणि वाटेत दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन, सोयाबीन आणि मका. विद्यापीठाच्या मधोमधसुद्धा मका आहे. १८७६ पासून चाललेली प्रयोगाची शेती, मॉरो प्लॉट्स. तिच्यावर सावली पडू नये म्हणून शेजारचं ग्रंथालय चक्क जमिनीखाली बांधलं. शेताला इतका मान देणारं विद्यापीठ म्हटल्यावर मला लगेच बरं वाटलं होतं.

या गावाची आणखी एक गोष्ट मला वर्षभर ठाऊक नव्हती. अमेरिकेत आज शेकडो कॅम्पसवर ज्यू विद्यार्थ्यांचं ‘हिलेल’ नावाचं केंद्र असतं, त्यातलं पहिलं इथलं, १९२३ सालचं. बेंजामिन फ्रँकेल नावाच्या तरुण रबायने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, ते सुरू केलं, पण त्याच्यामागे लकडा लावणारा होता एक ख्रिश्चन प्राध्यापक. बायबल शिकवायचा, आणि वर्गातल्या ज्यू मुलांना स्वतःच्याच परंपरेची काही माहिती नाही याचं त्याला वाईट वाटायचं. मला हा माणूस फार आवडतो. आपल्याकडेही असे मास्तर असतात, मुलाच्या घरच्यांपेक्षा त्यांनाच त्याची जास्त काळजी.

मला तिथे नेलं माझ्या लॅबमधल्या मैत्रिणीने. ती शिकागोजवळच्या स्कोकीची. दर गुरुवारी तिच्या हाताला पीठ लागलेलं असायचं, म्हणून विचारलं, तर म्हणाली, “चल की, हात कमीच पडतात.” मी ज्यू नाही म्हटल्यावर तिचं उत्तर: “पाव विकत घेणारे तरी कुठे सगळे ज्यू असतात?”

पहिल्याच दिवशी मी चुकले. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून डब्यात चिवडा घेऊन गेले, आणि स्वयंपाकघराच्या दाराशीच मैत्रिणीने माझा हात धरला. ते कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम पाळणारं स्वयंपाकघर. बाहेरचं अन्न आत नाही, मांसाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी. ती अवघडून समजावत होती आणि मला रेवदंड्याची आजी दिसत होती, ओलेत्याने सोवळं नेसून “शिवू नको गं” म्हणणारी. मी म्हटलं, “समजलं, समजलं,” आणि डबा बाहेरच्या बाकावर ठेवला. परत आले तेव्हा रिकामा. म्हणजे बाहेर चिवड्याला बंदी नव्हती.

पाव करायची रीत अशी. अंडी एकदम पातेल्यात फोडायची नाहीत. एकेक अंडं काचेच्या पेल्यात फोडायचं, उजेडात धरून बघायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर टाकून द्यायचं. पीठ, यीस्ट, साखर, तेल, अंडी, पाणी. दूध-लोणी अजिबात नाही, म्हणजे मांसाच्या जेवणासोबतही तो पाव चालतो. एवढ्या मोठ्या प्रमाणावर पीठ मळलं की त्यातला लिंबाएवढा गोळा बाजूला काढतात, प्रार्थना म्हणतात आणि तो गोळा फॉइलमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये जाळून टाकतात. पूर्वी तो जेरुसलेमच्या मंदिरातल्या पुरोहितांचा वाटा होता. खरं तर ‘हल्ला’ हे त्या गोळ्याचंच नाव, पावाला ते नंतर चिकटलं. आपल्या आधी दुसऱ्याचा घास काढायचा, हे गोग्रास बघत वाढलेल्या मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. ओव्हनचं बटण मात्र त्यांच्यापैकीच कुणीतरी दाबतं.

मग गोळ्यांच्या दोऱ्या वळायच्या आणि वेणी घालायची. इथे माझा भाव वधारला. इंजिनिअरिंगची दोन दांडगी पोरं व्हिडिओ थांबवून थांबवून तीन पेडांशी झटत होती, आणि माझ्या हाताने ते न बघता होत होतं. आजीने रोज सकाळी तेल चोपडून घातलेली तिपेडी वेणी अशी उपयोगाला येईल असं वाटलं नव्हतं. सहा पेडांच्या वेणीने मात्र माझाही माज उतरवला. माझा पहिला सहापेडी पाव भाजून निघाला तो थेट सुरणासारखा. कुणीतरी तो हौसेने विकत घेतला, बहुधा दयेपोटी.

शुक्रवारी दुपारी भर रस्त्यात टेबल टाकून पाव विकायचे, पैसे गावातल्या फूड बँकेला आणि अडलेल्या विद्यार्थ्यांना फुकट शिधा देणाऱ्या कॅम्पसवरच्या फूड पॅन्ट्रीला. पाव विकून भुकेसाठी पैसे उभे करायची ही टूम काही आमची नव्हे. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स कॉलेजात एका विद्यार्थिनीने ती काढली, तेव्हा पैसे सुदानमधल्या दारफुरच्या मदतीला गेले, आणि मग एकेका कॅम्पसने ती उचलली.

मी एकदा मैत्रिणीला ‘चॅरिटी’ म्हणाले, तर तिने मान हलवली. त्यांचा शब्द आहे ‘त्झदाका’. तो न्याय या अर्थाच्या धातूवरून येतो, दयेशी त्याचा संबंध नाही. शेत कापताना कडेचे कोपरे कापायचे नाहीत, हातून गळलेली कणसं परत उचलायची नाहीत, ती गरिबाची आणि परक्याची, अशी त्यांच्या तोराहची, म्हणजे धर्मग्रंथाची, आज्ञा आहे. म्हणजे शेतकऱ्याने दिलं असं नाहीच, ते मुळात त्याचं नव्हतंच. ती हे सांगत होती आणि बाहेर, ऑक्टोबर असल्यामुळे, गावाच्या चारही बाजूंना मक्याची कापणी चालू होती. मला शिरूरकडचं आमचं रान आठवलं. भुईमूग काढून झाला की बायका-पोरं सरवा वेचायला यायची. त्यांना कुणी हटकायचं नाही, आणि त्यांनीही कुणाला विचारायचं नाही. काकांना एकदा मी लहानपणी म्हटलं होतं, “आपल्या शेंगा नेतायत.” ते म्हणाले, “त्या आपल्या नव्हेत.” बस, पुढे काही बोललेच नाहीत. ‘देणं’ हा आपला शब्दही किती लबाड बघा, भेट दिली तरी देणं आणि कर्ज फेडायचं राहिलं तरी देणंच.

बाराव्या शतकात मायमोनिडीस म्हणून एक मोठा पंडित होऊन गेला, कैरोजवळ वैद्यकी करायचा. त्याने देण्याच्या आठ पायऱ्या लावून ठेवल्यात. सगळ्यात वरची, समोरच्याला धंद्याला किंवा कामाला लावून त्याच्या पायावर उभं करायचं. तिच्या खालची, देणाऱ्याला घेणारा माहीत नको आणि घेणाऱ्याला देणारा. तळाची, कुरकुरत देणं. हिलेलमधली पोरं स्वतःच्याच कामाला या पट्टीवर मोजून भांडतात. पाव विकणं कितव्या पायरीवर? टेबलापाशी फोटो काढून टाकले तर घसरलो का? गाझावरून तर याहून कडाक्याचे वाद होतात, त्याच टेबलावर, पीठ मळता मळता, आणि एक-दोघं यायचीच थांबली. ‘दोन ज्यू, तीन मतं’ अशी त्यांचीच म्हण आहे. मला आमच्या मंडळाची वर्गणीची बैठक आठवते.

इमारतीच्या दारात सुरक्षारक्षक असतो. कशाला, हे मी विचारलं नाही. २०१८मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, शनिवारी सकाळी ११ माणसं मारली गेली, हे वाचलेलं होतं. आणि २६/११चं नरिमन हाउस कुठे आहे, हे मला कुणी सांगायला नको.

एका गुरुवारी मी सहज म्हणाले, “माझा जन्म ससूनमधला.” अर्थ कुणालाच लागला नाही. मग सांगितलं, बगदादहून मुंबईत आलेला डेव्हिड ससून, त्याच्या देणगीतून पुण्यात उभं राहिलेलं १८६७चं इस्पितळ, आणि लाल देऊळ म्हणतात त्या पुण्याच्या सिनेगॉगच्या आवारातली त्याची कबर. आमच्याकडे गरिबातला गरीब माणूस ‘ससूनला ने’ म्हणतो, आणि ते ज्यू आडनाव आहे याचा कुणाला पत्ताही नसतो. तेवढ्यात एकाने विचारलं, पैसा कुठला? अफूचाही होता, मी सांगितलं. लगेच कितव्या पायरीवर बसवायचं यावर अर्धा तास गेला आणि पिठाची आंबून पार वाट लागली.

रेवदंड्याला आजीच्या शेजारी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, कुटुंब होतं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घाणा कधीच गेला होता, नाव राहिलं होतं. नवस फेडला की त्यांच्याकडून मलिद्याचं ताट यायचं, गोड पोहे, खोबरं, फळं. मलिदा एलियाहू हन्नाबीच्या नावाने करतात हे आजीला पक्कं ठाऊक होतं, ती त्याला ‘त्यांचे नबी’ म्हणायची. मी मैत्रिणीला मलिद्याबद्दल सांगितलं, तिला एलियाहू माहीत होता, पोहे माहीत नव्हते. भारतीय दुकानातून बंद पाकीट आणलं, आणि ते कोशर धरायचं की नाही यावर पुन्हा चर्चा.

मी दर गुरुवारी का जाते, याचं खरं कारण मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही. इथे आले त्या ऑगस्टात, घराचं डिपॉझिट भरल्यावर खात्यात जवळजवळ काहीच उरलं नव्हतं आणि पहिला पगार यायला महिना होता. घरी सांगायची सोय नव्हती, कर्ज काढूनच तर पाठवलं होतं. मी कॅम्पसच्या पॅन्ट्रीत गेले. तांदूळ, राजम्याचे डबे, कांदे पिशवीत टाकताना कानापासून मानेपर्यंत तापले होते. काउंटरवरची मुलगी एकदा “हाय” म्हणाली, मग पाठ फिरवून फळीवरचे डबे मोजत बसली. मी बाहेर पडेपर्यंत मोजत होती.

आता शनिवारी सकाळी मी पॅन्ट्रीत असते. माझे हिलेलवाले मित्र शनिवारी काम करत नाहीत, शब्बाथ असतो, म्हणून ती पाळी माझ्याकडे आली. गेल्या आठवड्यात एक नवा मुलगा दारातूनच फोनवर कुणाला तरी सांगत होता, “हो हो, जेवलो, वरण-भात केला होता.” फोन खिशात टाकून आत आला, फळ्यांकडे बघत उभा राहिला. “मसूर खालच्या फळीवर आहे,” हे वाक्य माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, मराठीत. मी “हाय” म्हटलं, पाठ फिरवली, आणि टोमॅटोचे डबे मोजायला लागले. चोवीस होते. पुन्हा मोजले.