आमची वाटचाल: सर्व्हर ग्राहकाचा, पासवर्डही ग्राहकाचाच

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका गाळ्यात 2006 साली आमचा व्यवसाय सुरू झाला, तो संगणक जोडणी आणि दुरुस्तीचा. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींतले फाउंड्रीवाले, इचलकरंजीतले यंत्रमाग कारखानदार आणि तालुक्याच्या गावांतल्या पतसंस्था यांच्याकडे एकाचे चार, चाराचे दहा संगणक झाले. हिशेब एकाच जागी ठेवावा आणि प्रत्येक टेबलावरून तो उघडता यावा, अशी मागणी येऊ लागली. त्यातून आम्ही केबल ओढणे, संगणक एकमेकांना जोडणारे स्विच बसवणे आणि अखेर सर्व्हर उभा करणे या कामात आलो. यंत्र बसवणे हा त्यातला सोपा भाग असतो. कोणाला काय दिसावे, कोणाला काय बदलता यावे आणि पासवर्ड कोणाच्या हाती असावा, हे ठरवून तसे लावून देण्यातच आमचा खरा वेळ जातो.

काम संपल्यावर सर्व्हरचा मुख्य, म्हणजे रूटचा पासवर्ड आमच्याकडे राहणार नाही, हा नियम आम्ही सुरुवातीच्या काळातच केला. त्याला कारण घडले ते एका फाउंड्रीत. तिथे सर्व्हर लावून देणाऱ्या व्यावसायिकाशी बिलावरून वाद झाला, त्याने फोन घेणे बंद केले आणि पासवर्ड दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हता. आम्ही सर्व्हरला कीबोर्ड जोडला, यंत्र सुरू होतानाच्या मेनूतली ओळ बदलून थेट रूटच्या शेलमध्ये, म्हणजे कमांड देण्याच्या पडद्यावर, शिरलो, डिस्क लिहिण्यायोग्य करून घेतली आणि ‘पासडब्ल्यूडी’ ही कमांड देऊन नवा पासवर्ड लावला. शेजारी उभ्या असलेल्या मालकांनी लगेच विचारले, “म्हणजे उद्या कोणीही येऊन असंच करू शकतो?” प्रश्न अगदी रास्त होता. सर्व्हरपर्यंत हात पोहोचला की पासवर्डाचे बळ बरेच कमी होते. म्हणून तेव्हापासून आम्ही सर्व्हर कुलूपबंद रॅकमध्ये ठेवतो, त्या मेनूलाही पासवर्ड लावतो आणि पतसंस्थांच्या सर्व्हरची डिस्क सांकेतिक स्वरूपात ठेवतो.

पतसंस्थेचे व्यवस्थापक हमखास म्हणतात, “साहेब, पासवर्ड तुमच्याकडेच राहू द्या, आम्हाला त्यातलं काय कळतंय?” आम्ही त्यांना त्यांच्याच तिजोरीची आठवण करून देतो. तिच्या दोन किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे असतात आणि दोघे आल्याशिवाय ती उघडत नाही. तोच रिवाज आम्ही इथे चालवतो. रूटचा लांबलचक पासवर्ड त्यांच्यासमोर तयार होतो, त्याचे दोन तुकडे दोन कागदांवर लिहिले जातात, कागद दोन पाकिटांत बंद होतात आणि पाकिटांच्या जोडावर दोन्ही अधिकाऱ्यांच्या सह्या होतात. रोजच्या देखभालीसाठी आमच्या प्रत्येक तंत्रज्ञाचे सर्व्हरवर स्वतःच्या नावाचे वेगळे खाते असते आणि ‘सुडो’ या मर्यादित अधिकार देणाऱ्या सोयीमार्फत त्याला नेमून दिलेल्या कमांडच चालवता येतात. कोणी केव्हा काय केले याची नोंद लॉगमध्ये राहते, आणि ग्राहकाच्या मनात आले तर तो आमची सर्व खाती एका दिवसात बंद करू शकतो.

कर्मचाऱ्यांच्या खात्यांबाबत मात्र जुन्या सवयींशी अजूनही झगडावे लागते. साऱ्या कचेरीचा एकच पासवर्ड आणि तोही संस्थेच्या नावापुढे एक-दोन-तीन, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. अशा ठिकाणी बिल कोणी खोडले हे कधीच कळत नाही आणि संशय विनाकारण सगळ्यांवर येतो. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे, असा नियम एप्रिल 2023 पासून लागू आहे. पण सगळे एकाच नावाने आत शिरत असतील तर त्या नोंदीला काय अर्थ उरतो? म्हणून एक माणूस, एक खाते, यात आम्ही सवलत देत नाही. दर महिन्याला पासवर्ड बदलायची सक्तीही आम्ही करत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने 2017 मध्येच अशा ठरावीक मुदतीच्या सक्तीविरुद्ध सल्ला दिला आहे, आणि आमचा अनुभवही तोच आहे: सक्ती केली की लोक शेवटचा आकडा तेवढा वाढवतात किंवा चिठ्ठी कीबोर्डाखाली ठेवतात. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा लांब पासवर्ड घ्यावा आणि तो फुटल्याचा संशय आला की तत्काळ बदलावा.

आमचे सर्व्हर लिनक्स या प्रणालीवर चालतात; विंडोजच्या संगणकांना त्यांवरच्या फाइली सांबा या सॉफ्टवेअरमार्फत मिळतात, आणि या कामात नवख्या मुलांना दोन गोष्टी आम्ही आवर्जून शिकवतो. पहिली अशी की सांबाचे पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डांपासून वेगळे साठवलेले असतात, त्यामुळे लिनक्सवर खाते उघडले तरी ‘एसएमबीपासडब्ल्यूडी’ने तेच नाव सांबात दाखल केल्याशिवाय फोल्डर उघडत नाही. दुसरी परवानग्यांची. हिशेबाच्या फोल्डरला 2770 ही परवानगी दिली की पहिल्या 2 मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल हिशेब विभागाच्या गटाकडे जाते, दोन्ही 7 मुळे मालकाला आणि गटाला पूर्ण हक्क मिळतो आणि शेवटच्या शून्यामुळे बाकी सर्वांना दार बंद होते. एवढे करूनही एकीने बनवलेली फाइल दुसरीला नुसती वाचता येते आणि बदलता येत नाही, अशी तक्रार येते, कारण सांबाचा मूळ ‘क्रिएट मास्क’, म्हणजे नव्या फाइलीच्या परवानग्यांची मर्यादा, गटाला लिहू देत नाही. तो 0660 करावा लागतो. बदल केल्यावर ‘टेस्टपार्म’ने सांबाची कॉन्फिगरेशन फाइल तपासायची आणि मगच सेवा पुन्हा सुरू करायची.

दुरून सर्व्हरवर जाण्यासाठी आम्ही एसएसएच ही सांकेतिक जोडणी वापरतो, त्यात रूटला थेट प्रवेश बंद ठेवतो आणि पासवर्डाऐवजी किल्लीची जोडी, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या दोन फाइली, एक सर्व्हरवर आणि एक तंत्रज्ञाकडे, लावतो. ही सेटिंग बदलताना एक खिडकी उघडीच ठेवायची, दुसऱ्या खिडकीतून नव्या किल्लीने आत शिरून पाहायचे आणि ते जमल्यावरच पहिली बंद करायची, ही शिस्त आमच्याकडे सक्तीची आहे. इचलकरंजीच्या कारखान्यात रात्रपाळी चालू असताना सर्व्हरचे दार आपल्याच हाताने आपल्यावर बंद झाले, तर गाडी काढून जाण्याखेरीज इलाज नसतो.

बसवलेल्या प्रत्येक सर्व्हरची एक नोंदवही असते: आयपी पत्ते, खात्यांची आणि गटांची यादी, प्रत्येक कॉन्फिगरेशन फाइलची प्रत आणि कोणता बदल कोणाच्या सांगण्यावरून झाला याची तारीखवार नोंद. तिची एक सांकेतिक प्रत ग्राहकाच्याच दुसऱ्या जागी राहते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात एका व्यापाऱ्याचा तळमजल्यावरचा सर्व्हर पाण्यात गेला, तेव्हा हिशेबाचा बॅकअप घरी होता. पण कोणाला कुठला फोल्डर दिसत असे हे बॅकअप सांगत नाही. त्या नोंदवहीवरून आम्ही नव्या यंत्रावर तीच खाती, तेच गट आणि त्याच परवानग्या उभ्या केल्या, आणि कर्मचारी आपापल्या जुन्या पासवर्डाने कामाला लागले, कारण सांबाच्या पासवर्डांची फाइलही त्या प्रतीत होती.

एप्रिल 2022 मध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने दिलेल्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपावे लागतात, घड्याळे नेमून दिलेल्या वेळेच्या सर्व्हरशी जुळवावी लागतात आणि ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते. यातली घड्याळाची बाब किरकोळ वाटते, पण सर्व्हर आणि राउटर यांच्या वेळेत दहा मिनिटांचा फरक असेल तर लॉगमधल्या दोन ओळी एकाच घटनेच्या आहेत हे सिद्ध करता येत नाही.

ज्या जुन्या ग्राहकांकडे सांबा आणि विंडोज ज्या एसएमबी प्रोटोकॉलने फाइली देतात-घेतात त्याची पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी 1, एखाद्या जुन्या स्कॅनरसाठी अजून चालू ठेवावी लागली आहे, त्यांचे काम आम्ही सध्या हाती घेतले आहे. वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस मे 2017 मध्ये विंडोजच्या याच जुन्या प्रोटोकॉलमधल्या त्रुटीतून पसरला होता आणि त्याला कोणाच्या पासवर्डाची गरज पडली नव्हती. असे स्कॅनर आम्ही वेगळ्या जाळ्यात टाकत आहोत, सर्व्हरवर एसएमबी 1 बंद करत आहोत आणि त्याच भेटीत पाकिटांवरच्या सह्या आजच्या अधिकाऱ्यांच्या आहेत की निवृत्त झालेल्यांच्या, हेही पाहून घेत आहोत.