कालचा अंदाज आज कुठे शोधायचा?

पाऊस पडून गेला की "अंदाज चुकला" असं सगळेच म्हणतात, पण नेमका काय अंदाज होता आणि तो कधी दिला होता हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, कारण मोबाईलमधलं अ‍ॅप कालचं पुसूनच आजचं दाखवतं. चार दिवस आधी शुक्रवारसाठी २ मिमी म्हणत होते की २० मिमी? ते गेलंच. आणि द्राक्षवाल्यांना नेमकं तेच लागतं. माझ्या मामांची दिंडोरीकडे बाग आहे, ऑक्टोबर छाटणी झाली की पोंगा (कोवळा कोंब) फुटल्यापासून फुलोऱ्यापर्यंत डाऊनीचं (केवडा रोगाचं) टेन्शन असतं, पानं जास्त वेळ ओली राहिली की रोग शिरतो, आणि फवारणी करून लगेच सर आली तर औषध धुऊन जातं, वर डिझेल आणि मजुरी पुन्हा. मामांचा प्रश्न एकच होता, "अरे, तीन दिवस आधीच्या अंदाजावर किती भरवसा ठेवायचा तेवढं सांग, बाकी मी बघतो."

याचं उत्तर द्यायचं तर अंदाज रोजच्या रोज साठवायला हवा आणि त्याच्या शेजारी खरा पाऊस लिहायला हवा. आता रोज बदलणारी गोष्ट जपून ठेवायची आणि आधी काय होतं, आता काय झालं ते दाखवायचं, हे काम गिट, म्हणजे प्रोग्रामर फाईलींमधले बदल जपायला वापरतात ते टूल, करतंच की. म्हणून गिटच्या फाईली ठेवायच्या गिटहब या वेबसाइटवर एक प्रायव्हेट रेपो (फाईलींचं खासगी फोल्डर), अंदाजासाठी ओपन-मिटिओ ही हवामान सेवा, आणि दोघांना जोडायला एनएटएन (n8n).

एनएटएन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हे बर्लिनमध्ये २०१९ साली सुरू झालेलं, वर्कफ्लो म्हणजे एकामागून एक आपोआप होणारी कामं जुळवायचं टूल आहे, डॉकर या सॉफ्टवेअरमधून आपल्याच मशीनवर चालवता येतं, स्क्रीनवर चौकोन मांडायचे आणि रेषांनी जोडायचे. हेच काम गिटहबच्याच स्वयंचलित सोयीत, म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्समध्येही होतं, मी स्वतः प्रोग्रामर आहे त्यामुळे तिथल्या वायएएमएल सेटिंग फाईली लिहायला मला काहीच अडचण नाही, पण तिथलं शेड्यूल लोड असला की उशिरा चालतं आणि पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसेल तर आपोआप बंद होतं. पण माझं खरं कारण वेगळं आहे. मामांचा मुलगा शेती बघतो, त्याला कोड येत नाही, पण चौकोन उघडून "५ मिमीच्या वर असेल तर कळव" याचं ३ करणं त्याला पहिल्या दिवसापासून जमलं. जे वापरणार त्याला बदलता आलं पाहिजे, याला मी फार किंमत देतो.

वर्कफ्लो छोटाच आहे. शेड्यूल ट्रिगर सकाळी ६ ला, मग एचटीटीपी रिक्वेस्टने ओपन-मिटिओकडून पुढच्या ७ दिवसांचा तासातासाचा पाऊस आणि आर्द्रता, मग कोड नोडमध्ये (नोड म्हणजे तोच चौकोन) बेरीज, मग गिटहब नोडने फाईल एडिट, शेवटी इफ लावून टेलिग्रामवर मेसेज. ओपन-मिटिओला घरगुती, बिनव्यावसायिक वापरासाठी एपीआय की (पासवर्डसारखी किल्ली) लागत नाही आणि दिवसाला १०,००० कॉलपर्यंत चालतात, आपल्याला एक पुरतो. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच करा, एनएटएन स्वतः होस्ट केलं की त्याचा डीफॉल्ट टाइमझोन न्यूयॉर्कचा असतो, तो एशिया-कोलकाता केला नाही तर सकाळी ६ चा वर्कफ्लो आपल्याकडे दुपारी साडेतीनला नाहीतर साडेचारला चालतो, तोवर फवारणीची वेळ निघून गेलेली.

फाईल जेसनमध्ये (ओपन-मिटिओचं उत्तर ज्या रचनेत येतं ती) ठेवू नका, सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले कॉलम) ठेवा आणि एका तारखेला एकच ओळ. उत्तर जसं येतं तसं जेसन टाकलं तर सगळं एका लांबलचक ओळीत असतं आणि डिफमध्ये, म्हणजे आधीचं आणि आताचं दाखवणाऱ्या तुलनेत, काही म्हणजे काही कळत नाही. एका तारखेला एक ओळ असली की कमिट (गिटमधली त्या दिवसाच्या बदलाची नोंद) उघडल्यावर लाल ओळ म्हणजे काल काय म्हणत होते आणि हिरवी ओळ म्हणजे आज काय म्हणतात, बस. आठवडाभर लांबची ओळ जवळपास रोज हलते, तारीख जवळ येत जाते तसा आकडा थांबायला लागतो. मामा आता मिमीपेक्षा ओळ हलतीये की थांबली ते आधी विचारतात. ओळ थांबली म्हणजे अंदाज बरोबरच असं नाही, म्हणून तर शेजारी खऱ्या पावसाचा कॉलम हवा.

आणि या कॉलमपाशी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. आपल्या हवामान खात्याचा पावसाचा दिवस रात्री बारापासून धरत नाहीत, सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरतात. सांताक्रूझचा तो ९४४ मिमीचा आकडा आपण २६ जुलै २००५ चा म्हणतो, तोसुद्धा २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आहे. ओपन-मिटिओची दिवसाची तयार बेरीज मात्र मध्यरात्र ते मध्यरात्र असते. म्हणजे १४ तारखेला संध्याकाळी ६ ला पडलेला पाऊस त्यांच्याकडे १४ ला लागतो आणि खात्याच्या नोंदीत १५ ला. आपल्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरचा पाऊस बऱ्याचदा दुपारनंतर गडगडाटासह येतो, मग जवळपास सगळाच पाऊस एक दिवस सरकतो आणि बरोबर आलेला अंदाजही तक्त्यात चुकलेला दिसतो.

यावर उपाय सोपा आहे. साडेआठ म्हणजे ग्रीनिच वेळेनुसार बरोबर ३:००. रिक्वेस्टमध्ये टाइमझोन द्यायचाच नाही, मग सगळे तास ग्रीनिच वेळेत येतात, आणि प्रत्येक तासासमोरचा पाऊस हा त्याच्या आधीच्या तासाभरात पडलेला असतो, म्हणून आज ४:०० पासून उद्या ३:०० पर्यंतचे २४ आकडे बेरजेत घ्यायचे आणि त्या बेरजेला उद्याची तारीख लावायची. कोड नोडमध्ये जेमतेम चार ओळी आहेत या, पण सगळ्या वर्कफ्लोची मदार यांच्यावर आहे.

खरा पाऊस मामा स्वतः मोजतात. बागेच्या कडेला पर्जन्यमापक आहे, सकाळी साडेआठला बघून टेलिग्रामवर नुसता आकडा पाठवतात, तिकडून टेलिग्राम ट्रिगर तो उचलतो आणि त्या तारखेसमोर कमिट करतो. पाऊस नसेल तर शून्य पाठवायचं, कारण रिकामी जागा आणि शून्य यात फरक आहे, विसरलेला दिवस कोरडा म्हणून मोजला जाऊ नये. टेलिग्राम ट्रिगरला बाहेरून पोचता येईल असा एचटीटीपीएस पत्ता लागतो, तेवढी सोय आधी करून ठेवा.

एनएटएनला रेपोत लिहिता यावं म्हणून गिटहबचं टोकन (पासवर्डऐवजी वापरायची किल्ली) बनवताना फाइन-ग्रेन्ड टोकन घ्या, त्याला फक्त या एका रेपोची आणि फक्त कंटेंट्स वाचण्या-लिहिण्याची परवानगी. ते एनएटएनच्या क्रेडेन्शियल्समध्येच ठेवा, एचटीटीपी रिक्वेस्टच्या हेडरमध्ये थेट चिकटवलं तर वर्कफ्लो एक्स्पोर्ट करून कुणाला दिला की टोकन त्याच्यासोबतच जातं.

आता भरवशाचं. ओपन-मिटिओच्या उत्तरात जे अक्षांश-रेखांश येतात ते आपण दिलेल्यापेक्षा थोडे वेगळे असतात, कारण हवामानाचं मॉडेल नकाशाचे चौकोन पाडून हिशेब करतं आणि ते त्यातल्या एका चौकोनाचे असतात, आणि जागतिक मॉडेलमध्ये हा चौकोन साधारण १० ते २५ किलोमीटरचा धरा. त्याच २००५ च्या दिवशी कुलाब्याला ७३ मिमीच पाऊस होता, मुंबई एकच. त्यामुळे गडगडाटी पाऊस आपल्या बागेवर पडेल का शेजारच्या शिवारात हे या आकड्यातून कळणार नाही, आणि मी मामांना तसं स्पष्ट सांगितलंय. त्यावर ते म्हणाले, मग शेजारच्या शिवारातलंही मोजूया. त्यांच्या ओळखीचे दोघे बागायतदार पर्जन्यमापक बसवायला तयार आहेत. ओपन-मिटिओला स्वल्पविराम देऊन एकाच रिक्वेस्टमध्ये अनेक ठिकाणं देता येतात, उत्तर यादी म्हणून येतं, तेव्हा एचटीटीपी रिक्वेस्टचा चौकोन तोच राहील, फक्त सीएसव्हीमध्ये गावाचा एक कॉलम वाढवायचाय. तो छाटणीच्या आधी करून टाकतो.