दोन राज्यांची एक पेशंट

मी एचआयव्हीच्या कामात समन्वयक होतो, तेव्हा कर्नाटकात परदेशी पैसा बऱ्याच वाटांनी येत होता. गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' 2003 पासून, अमेरिकी सरकारच्या यूएसएड या मदतसंस्थेचा 'समस्त' 2006 पासून, शिवाय जागतिक बँक आणि ग्लोबल फंड यांचा वाटा नॅको, म्हणजे केंद्राच्या एड्स नियंत्रण संघटनेमार्फत. समन्वय म्हणजे मीटिंगा आणि चहा, असं लोकांना वाटतं. अर्धा जीव तारखांत जायचा. सरकारचं वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकनांचं ऑक्टोबर ते सप्टेंबर, आणखी कुणाचं जानेवारीपासून. पीअर बाईनं, म्हणजे ज्यांच्यासाठी काम चाले त्यांच्यातल्याच कार्यकर्तीनं, गावात केलेली एकच भेट प्रत्येकाच्या तिमाहीत बसवायची. त्यासाठी मी एक एक्सेल शीट केली होती, एकदा आकडा भरला की सगळे तक्ते आपसूक तयार व्हायचे. पुढे ती वरच्या साहेबांच्या नावानं फिरली, असो.

त्या दिवशी परदेशी देणगीदारांचं पाहणी पथक आलं ते एलएफयूची यादी घेऊनच. तीन महिने औषध न्यायला आला नाही की पेशंट एलएफयू, म्हणजे हिशेबातून हरवलेला. आमच्या यादीत कागवाड, उगार, अथणी या बेळगाव जिल्ह्याच्या सीमेकडच्या भागातली नावं जास्त. पथकाला ही प्रबोधनातली ढिलाई वाटली. कागवाडहून महाराष्ट्रातलं मिरज अगदी जवळ आणि बेळगाव शंभर किलोमीटरच्या वर, हे नकाशा उघडला असता तरी दिसलं असतं.

गावात कुणाच्या दारात परदेशी माणसांची गाडी लावायची नसते, दुसऱ्या दिवशी अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून यादीतली एक बाई आपण होऊन आमच्या केंद्रावर आली. पिशवीतून तिनं एआरटीची, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराची, दोन हिरवी पुस्तकं काढून टेबलावर ठेवली. बेळगावच्या पुस्तकावर सासरचं आडनाव, कानडीत लिहिलेलं. पहिलं पान भरलेलं, पुढं सगळं कोरं. मिरजेकडच्या पुस्तकावर माहेरचं नाव, मराठीत. त्यात महिन्यामागून महिना तारखा, वजन, शिल्लक गोळ्यांचा आकडा आणि सही. कोपरे हळदीनं पिवळे झालेले. बेळगावची गोळ्यांची बाटली सील न तोडता तशीच तिनं सोबत आणली होती.

"बेळगावला जायाचं म्हटलं की दिस मोडतोय साहेब. मिरजंला जाऊन दुपारच्या आत भांगलणीला येतोय."

मग बेळगावात नाव घातलंच का? तिमाही संपत आली होती, 'सोबत नेऊन नोंदणी' हे उद्दिष्ट अपुरं होतं, तेव्हा आमच्याच कार्यकर्त्यानं जीपमध्ये बसवून तिला नेलं होतं. त्या पोराला मी दोष देत नाही. त्याचं मानधन त्याच आकड्यावर मंजूर व्हायचं.

पथकातल्या एकानं लगेच तोडगा काढला: दोन्ही राज्यांच्या याद्या मागवा, नावं जुळवून बघू. पेशंटचं नाव केंद्राबाहेर जात नाही, असं मी सांगितलं. पाहुण्या डॉक्टरीणबाईंना ते एका वाक्यात पटलं. आपले राज्य पातळीवरचे अधिकारी मात्र तापले. पाहुण्यांसमोर नकार म्हणजे त्यांना अपमान वाटतो. आणि नावं मिळाली असती तरी या बाईची दोन नावं जुळणार कशी होती?

सकाळच्या सादरीकरणातली पहिलीच स्लाइड 'थ्री वन्स'ची होती. 2004 साली ठरलेलं तत्त्व: देशात एकच कृती आराखडा, समन्वय करणारी एकच यंत्रणा, मूल्यमापनाची एकच पद्धत. तत्त्व चांगलंच आहे, मी स्वतः ते प्रशिक्षणात शिकवायचो. पण हे काम चालवणारी कर्नाटकाची सरकारी एड्स सोसायटी वेगळी, महाराष्ट्राची वेगळी, दोन्हीकडच्या स्वयंसेवी संस्था वेगळ्या आणि त्यांना पैसा देणारेही वेगळे. आमचा कार्यकर्ता सीमेपलीकडच्या म्हैसाळला गेला तर त्याचा प्रवासभत्ता नामंजूर.

बाईनं जाता जाता विचारलं, "ह्यातलं कुठलं ठिवू?" पथक माझ्याकडं बघायला लागलं. मिरजेचं ठेवा, म्हटलं.

नंतर दोन्हीकडच्या समुपदेशक बाईंनी तिची रीतसर परवानगी घेऊन फोनवर बोलून ट्रान्सफरचा कागद केला. कुणीही सांगितलेलं नसताना, स्वतःच्या मोबाइलचा बॅलन्स घालून. या कार्यक्रमाचं खरं समन्वयन अशाच बायका करतात आणि त्यांचंच कंत्राट दरवर्षी लटकतं.

एलएफयूतून एक नाव कमी झालं. देणगीदारांच्या तक्त्यात मात्र 'दुसऱ्या राज्यात उपचार चालू' असा रकानाच नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं. महिन्याभरानं वरून मेल आला: नोंदणीचा आकडा एकानं का घटला, खुलासा करावा.